पितृपक्षातला नाकतोडा

किडे बघायला लागतं तरी काय? एक भिंग, एक जुनी छत्री आणि चिखलाला न लाजणाऱ्या चपला. छत्री उलटी करून झुडपाखाली धरायची, झुडपाला काठीने हलकंच ठोकायचं, जे खाली पडेल ते डोळे भरून बघायचं आणि परत सोडून द्यायचं. कॉलेजात सरांनी मला हे शिकवलं. त्याआधी मी साधं झुरळ दिसलं तरी पलंगावर चढून किंचाळायची. पुढे उज्जैनच्याच एका शाळेत मी जन्मभर जीवशास्त्र शिकवलं. रिटायर झाल्यावर मोबाइलवर कीटकप्रेमींचा एक ग्रुप काढला. इंदूर, देवास, रतलाम मिळून तीसेक माणसं जमली. सगळी माझ्यासारखीच, घरच्यांनी ओवाळून टाकलेली.

सर आता ऐंशीच्या पुढे. काचबिंदूने त्यांची नजर चालली होती. डॉक्टर सरळच बोलले, "जे काय बघायचं ते यंदा बघून घ्या. पुढच्या वर्षीची गॅरंटी नाही." सर घरी आले आणि मला म्हणाले, "अगं, यंदा एकदा तो लांबतोंड्या बघायचाय."

लांबतोंड्या म्हणजे एक नाकतोडा. नाव सरांनीच ठेवलेलं. लांबुळकं तोंड, हिरवं अंग, गवतात बसला की गवताची काडीच. उडतो तेव्हा पंखांची टकटक होते, बसला की पुन्हा गायब. चांगल्या नजरेच्या माणसालासुद्धा कोणीतरी बोट दाखवावं लागतं. कॉलेजच्या सहलीत तो सरांना पहिल्यांदा मी दाखवला होता. पोरगी असून मास्तराला शिकवते म्हणून तेव्हा वर्गात माझी केवढी टिंगल झाली होती!

तेव्हा ठरवलं, यंदाचा मेळावा सरांसाठी. नानाखेड्याच्या पुढे अर्ध्या तासावर एक बीड आहे. आमच्याकडे गवतासाठी राखलेल्या माळाला बीड म्हणतात. पाऊस सरता सरता तिथलं गवत छातीएवढं होतं आणि लांबतोंड्याचं राज्य असतं. मी भाद्रपदातला शेवटून दुसरा रविवार धरला. सकाळी नऊला पोचायचं, पाण्याची बाटली आणि दशमी आपापली, अकराला घरी. संपलं नियोजन. सरांना मोबाइलवरचं वाचता येत नव्हतं, म्हणून ग्रुपवरचा प्रत्येक निरोप मी त्यांना फोन करून सांगायचे. त्यांच्या सुनेने फोनमध्ये अशी सोय करून दिली होती, की एक नंबरचं बटण दाबलं की थेट मी.

घोडं अडलं ते एका कागदावर. बिडाचा राखणदार म्हणाला, "मैडमजी, किसी संस्था के लेटरहेड पे चिट्ठी ला दो, बस." आता लेटरहेड कुणाकडे? आमच्या मराठी मंडळाकडे. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या आणि बदलीवर येऊन इथलेच झालेल्या मराठी माणसांचं मंडळ ते. गणपती, कोजागिरी आणि हळदीकुंकू यांच्यापलीकडे गेली कित्येक वर्षं त्याने काही केलेलं नव्हतं. मी कागद मागायला गेले आणि अध्यक्षसाहेबांनी मला कागदाऐवजी समिती दिली.

अध्यक्ष म्हणजे रेल्वेतले रिटायर अधिकारी. टेबल दिसलं की त्यांना अजेंडा सुचतो. "उपक्रम बढिया आहे," ते म्हणाले. "पण असं उठून माळावर जायचं म्हणजे काय, काही स्वरूप नको?" झालं! स्वरूप आलं. मंडप आला, दीपप्रज्वलन आलं, प्रमुख पाहुणे आले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मला संयोजिका केलं आणि पत्रिकेवर माझं नाव टाकायचं ठरलं. खरं सांगते, मला गुदगुल्या झाल्या. पस्तीस वर्षं शाळेत राबले, पण माझं नाव कधी कुठे छापून आलं नव्हतं.

दुसऱ्या बैठकीत महिला शाखेच्या काकूंनी कालनिर्णय काढला आणि छातीवर हात ठेवला. "अगं बाई! हा रविवार तर पितृपक्षातला!"

"मग?" मी म्हटलं.

"मग काय विचारतेस? अख्खी दुनिया रामघाटावर पिंड द्यायला लोटलीय, आणि आपण माळावर दिवे लावायचे? पितृपक्षात कोणी उद्घाटन करतं का?"

मी म्हटलं, "काकू, श्राद्धाच्या दिवशी गायीचा, कावळ्याचा घास काढतात तसा मुंगीचाही काढतात ना? मग किड्यांचा खरा सण हाच की!" सगळे खो खो हसले, काकूसुद्धा हसल्या. आणि हसत हसतच तारीख पुढे ढकलली. मी जरा भांडायला हवं होतं. पण समोर पत्रिकेचा मसुदा होता आणि त्यात माझं नाव होतं.

पुढे नवरात्र, नवरात्रात काकूंचा घट. मग दसरा, मग मंडळाची कोजागिरी. मग दिवाळी, त्यात कोण घराबाहेर पडतो? नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. शेवटी दिवाळीनंतरचा, तुळशीच्या लग्नाआधीचा रविवार ठरला. मी ग्रुपवर निरोप टाकला. एकोणतीस जणांनी अंगठा दाखवला. मी खूश.

मूळ तारखेच्या रविवारी सगळे मोकळेच होते, म्हणून अध्यक्षांनी सकाळी दहाला बैठक लावली. विषय होता, पत्रिकेवरचा किडा रंगीत असावा की काळापांढरा. दीड तास चालली हो ती बैठक! काकूंना फुलपाखरू हवं होतं, अध्यक्षांना मधमाशी, कारण ती "उद्योगी" असते. मध्येच सरांचा फोन आला. "बैठकीत आहे सर, नंतर करते," म्हणून मी ठेवला. नंतर केला तेव्हा संध्याकाळ झाली होती. "काही नाही गं, सहज केला होता," सर म्हणाले. मग मी त्यांना दिवाळीनंतरच्या रविवारचं सांगितलं. "बरं," म्हणाले, एवढंच.

दसऱ्यानंतर राखणदाराचा फोन आला. "मैडमजी, तब तक तो घास कट जाएगी." मी धावत अध्यक्षांकडे गेले. त्यांचा चेहरा नुसता फुलला. "उत्तम! खुर्च्या समपातळीत बसतील. साप-किरडूची भीती नाही." मी आले तशी परत फिरले. पत्रिका छापून झाल्या होत्या.

मेळावा झाला. काय थाट होता म्हणून सांगू! दाढी केल्यासारखा माळ, त्यावर पांढरा मंडप, दीडशे खुर्च्या. पोहे-जिलबी, त्यावर रतलामी शेव. केटररने खुर्च्यांखाली डास पळवणाऱ्या उदबत्त्या लावल्या होत्या, कारण पाहुण्यांना काही चावलं तर शोभा व्हायची. भैरवगढहून ठप्प्याने छापलेले दुपट्टे मागवले होते, प्रत्येकावर लाल-काळी फुलपाखरं. त्या दिवशी माळावर जेवढी फुलपाखरं होती तेवढी सगळी पाहुण्यांच्या गळ्यात होती. प्रमुख पाहुण्यांनी किडे हे शेतकऱ्याचे शत्रू कसे, यावर पाऊण तास ठोकला. आमचे ग्रुपवाले छत्र्या मिटून मागच्या रांगेत बसले होते. एकाने छत्रीच्या काठीने चपलेचा चिखल काढायचा प्रयत्न केला, पण चिखलही नव्हता.

सरांना शाल-श्रीफळ दिलं. फोटो झाला. खाली उतरल्यावर त्यांनी माझा हात धरला. "चल, कडेकडेने जरा फिरू."

कापलेल्या गवताची खुंटं चपलेला टोचत होती. सर पाय उचलून उचलून टाकत होते. शेवटी म्हटलं, "सर, माफ करा. गवत असताना यायला हवं होतं."

"मी आलो होतो की," सर म्हणाले.

"कधी?"

"तू सांगितलंस त्याच रविवारी. ई-रिक्षा केली. नऊला पोचलो. राखणदाराने आत सोडलं, बसायला एक दगड दिला. म्हटलं, तुम्हाला उशीर होतोय."

आणि मला लख्ख आठवलं. तारीख बदलल्याचा निरोप मी ग्रुपवर टाकला होता. एकोणतीस अंगठे मोजले होते. तिसावा माणूस, ज्याच्यासाठी हे सगळं मांडलं, त्याला मी त्या रविवारच्या आधी फोनच केला नव्हता.

"मग... दिसला?" मी विचारलं.

"होता. अगदी जवळ होता. दोनदा टकटक ऐकली. एकदा तर गुडघ्याशी. खूप बघितलं गं. सगळं हिरवंच दिसायचं. म्हणून तुला फोन केला. म्हटलं, तू निघाली असशील तर लवकर ये, बोट दाखव."

त्या वेळी मी फुलपाखरू की मधमाशी यावर मत देत होते. मी मधमाशीला मत दिलं होतं. माझ्या घरापासून बीड अर्ध्या तासावर आहे आणि माझी स्कूटर दाराशीच उभी असते. कुठल्याही सकाळी सरांना मागे बसवून आणलं असतं. ना मंडप लागला असता, ना पितृपक्ष आडवा आला असता. मला माझी इतकी लाज वाटली की त्यांचा हात सोडावासा वाटला, पण त्यांनीच घट्ट धरला होता, खुंटांमुळे.

"तुम्ही तेव्हाच का नाही बोललात, सर?"

"अगं, तू बैठकीत होतीस. किती आनंदात होता तुझा आवाज. म्हटलं, पोरीचं नाव पहिल्यांदा छापून येतंय."

तेवढ्यात माइकवर अध्यक्षांनी मला पुकारलं. आभारप्रदर्शन माझ्याकडे होतं. मी सरांना पहिल्या रांगेत बसवलं आणि स्टेजवर गेले. नको जायला होतं, पण गेले. हातातली यादी मीच लिहिली होती. अध्यक्ष, काकू, केटरर, मंडपवाले. सगळ्यांचे आभार मानले. यादी संपली तेव्हा मी खाली बघितलं. सर टाळ्या वाजवत होते, कौतुकाने, मान वर करून. मी स्टेजच्या मध्यावर उभी होते आणि ते डावीकडच्या लाउडस्पीकरकडे बघत होते.