चिंतामणकाकांची लाल वर्तुळं

सोमवारपासून गार्गीच्या मोबाइलवर लाल वर्तुळं केलेले फोटो येऊन पडत होते. वर्तुळाखाली एक ओळ असायची. 'रकाने एकाखाली एक आले.' 'बटण खाली घसरलं.' पाठवणारे चिंतामणकाका, वडनेर भोलजीच्या भाजीपाला संघाचे कारकून.

कोणाच्या भाजीचे किती कॅरेट, म्हणजे प्लास्टिकचे खोके, कोणत्या गाडीत जाणार, ही नोंद करायला गार्गीनं संघासाठी एक वेबपान बनवलं होतं. शेतकऱ्याचा फोन आला की काकांनी नोंद करायची, गाडीवाल्याला ती लगेच मोबाइलवर दिसायची. डिप्लोमा झाल्यावर स्वतःच्या नावावर मिळालेलं हे तिचं पहिलं काम. पण अध्यक्ष अर्जुनरावांनी बजावलं होतं, "गुरुवारी अकराले कमिटी बसते. तवा चाललं त ठेवू. नाही त आपलं रजिस्टर काय वाईट हाय?"

मलकापूरला घरी तिच्या लॅपटॉपवर पान कसं चोख दिसत होतं. मोडत होतं ते संघाच्या कॉम्प्युटरवर.

"काका, ब्राउझर कोणता आहे तुमचा?"

"नवाच हाय. मांगच्या साली त फॉरमॅट मारला."

"व्हर्जन किती?"

"ते मले काऊन इचारतं? बनवलं तू का मी?"

मग काकांच्या वर्तुळावरून अंदाज बांधायचा, मांडणी बदलायची आणि वाट पाहायची. तासाभरात नवं वर्तुळ हजर. मंगळवारी तिनं रकान्यांची रुंदी चारदा बदलली. बुधवारी आईनं जेवायला तीनदा हाक मारली, तेव्हा ती लॅपटॉपवर एवढी खेकसली की आईच दचकली.

गुरुवारी सकाळी मात्र तिनं सरळ एसटी धरली आणि साडेनऊला संघाच्या ऑफिसात जाऊन उभी राहिली. काकांनी कपाटातून एक फाइल काढून पुढ्यात ठेवली. आत एकोणीस कागद, प्रत्येकावर तारीख, क्रमांक आणि लाल पेनाचं वर्तुळ.

गार्गीनं एक कागद उचलला. "काका, हे प्रिंट आहेत?"

"मंग?"

"म्हणजे तुम्ही मला या कागदांचे फोटो पाठवत होता? स्क्रीनचे नाही?"

"स्क्रीनवर पेन चालते का पोरी? अन् कागदावर आल्याबिगर काम झालं असं मी तीस वर्षांत मानलं नाही."

तिला हसावं की डोकं आपटावं कळेना. कागद अरुंद, त्यामुळे छापताना तिचं पान मोबाइलसारखं एकाखाली एक रचलं जाई. तिच्या लॅपटॉपवरून छापलं असतं तरी तसंच आलं असतं! आणि लाल वर्तुळ म्हणजे काकांनी स्क्रीनच्या फोटोवर फोनमध्येच केलेली खूण, असं ती धरून चालली होती. तीन दिवस ती जे दुरुस्त करत होती, ते मोडलेलंच नव्हतं.

मग काका कशानं अडत होते? तिनं स्क्रीन पाहिला. ब्राउझर आठ-नऊ वर्षांपूर्वीचा. एका अपडेटनंतर काकांचं जुनं मराठी टायपिंग बंद पडलं होतं, तेव्हापासून काकांनी अपडेटलाच कुलूप लावलं होतं; फॉरमॅटनंतरही तोच जुना ब्राउझर बसवून घेतला होता. तिनं वापरलेली नवी मांडणी या ब्राउझरला ठाऊकच नव्हती. माहिती भरायचे सगळे चौकोन लांबलचक होऊन खाली ओघळले होते, आणि 'नोंद करा' हे बटण तळाच्या हिरव्या पट्टीमागे दडून बसलं होतं.

"बटण दाबताच येत नाही, हे तुम्ही सांगितलं का नाही?"

"सांगतलं ना! घसरलं म्हणून लिवलं नाही का?"

दहा वाजून गेले होते. तिनं एक उपाय केला, चौकोन एकमेकांवर चढले. दुसरा केला, पट्टी गेली पण बटणही गेलं. शेजारी काका शांतपणे फूटपट्टी धरून रजिस्टरचं नवं पान आखत होते. "कमिटीले लागन," ते म्हणाले. गार्गीच्या जिवाला ते फार लागलं. पण नजर त्या रेघांवरून हटेना. उभे खण, आडव्या ओळी, सरळ तक्ता. असा तक्ता करून पान मांडायची रीत फार जुनी, कॉलेजात त्याला हसायचे. पण जुन्या ब्राउझरला जुनीच रीत कळणार ना?

तिनं सगळी नवी मांडणी पुसली आणि तक्ता आखला. हिरवी पट्टी काढूनच टाकली.

अकराला अर्जुनराव चार माणसं घेऊन आले. तेवढ्यात सत्यभामाबाईंचा फोन आला, वांग्याचे बारा कॅरेट. काकांनी एकेक अक्षर टाइप केलं आणि बटण दाबलं. अर्जुनरावांनी खिशातून मोबाइल काढून पान उघडलं; नोंद तिथं उमटली होती.

"हे त जमलं बे!" अर्जुनराव म्हणाले. "चालू द्या उद्यापासून."

गार्गीनं खुर्चीच्या पाठीला मान टेकली. साडेअकराची एसटी मिळाली असती. तेवढ्यात प्रिंटर घरघरला.

काकांनी कागद हाती घेतला, उजेडाकडे धरला. तक्त्याचा शेवटचा रकाना कडेला अर्धा कापला गेला होता.

"पोरी, गाडी नंबर कुठी गेला? फाइलले हे लावू का मी?"

आणि त्यांनी लाल पेनाचं टोपण काढलं.

गार्गीनं पिशवी खाली ठेवली. "काका, वर्तुळ राहू द्या. मी इथंच आहे."