काकीच्या शेडची वीज

तोंडातल्या टाचण्या तिने एकेक करून काढल्या आणि बाहीला टोचल्या, की समजून जायचं, आता ही बाई कोणाचं ऐकणार नाही. टाचण्या तोंडात असेपर्यंत तिच्याशी वाद घालता यायचा. तुमच्याही ओळखीत अशी एखादी असेल. नसेल तर ते तुमचं नशीब, चांगलं की वाईट ते मी सांगत नाही.

आम्ही सगळे तिला काकी म्हणायचो. ऐंशी सालानंतरची गोष्ट. आमच्या बेटावरच्या सुरिनाम गावात माझ्या घरामागे तिची पत्र्याची शेड होती. तिथे ती शेजारच्या दोघींना घेऊन शाळेचे युनिफॉर्म शिवायची. त्या दोघी दिवसभर उसात राबून यायच्या, त्यामुळे खरं काम दिवेलागणीनंतरच. नवरा वारल्यावर मोठ्या दिराला ती शेड आपल्या लॉरीसाठी हवी झाली. काकी हलेना. तेव्हा त्याने आपल्या मीटरवरून शेडला गेलेली वायर तोडून टाकली. काकी नवीन मीटर मागायला गेली, तर विजेच्या ऑफिसातला माणूस म्हणाला, जमीन दिराच्या नावावर आहे, त्याची सही आणा.

"सही मागायला मी त्याच्या दारात जाणार नाय," काकी मला म्हणाली. "तुझ्या दुकानात दुसरं काय हाय ते सांग."

मी क्युरपिपला विजेच्या सामानाच्या दुकानात कामाला होतो. बोटवाल्या गोऱ्यांसाठी मागवलेलं एक सोलर पॅनल तिथे धूळ खात पडलं होतं. ते, मोटारीची एक बॅटरी आणि बारा व्होल्टच्या दोन ट्यूब घेऊन नोव्हेंबरात मी कामाला लागलो. हाताशी होती ती बारीक वायर जोडायला घेतली. काकीने ती बोटांत धरून पाहिली.

"जाड कापडाला बारीक दोरा चालतो काय रे?"

बारीक वायरीत वीज वाटेतच मुरते हे मला माहीत होतं, पण आळस नडला. गुपचूप जाड वायर आणली.

पॅनलबरोबर फ्रेंचमधला एक कागद होता. पॅनलचं तोंड दक्षिणेकडे करा, असं त्यात छापलेलं. मी छपरावर तसंच बसवलं.

"तिकडं का रे?" काकी खालून म्हणाली. "त्या भिंतीला शेवाळ धरतं. माझे कपडे पण तिकडं वाळत नाय."

"काकी, इंजिनियरने लिहिलंय ते."

नोव्हेंबरपासून आमच्याकडे उन्हाळा, सूर्य डोक्यावर असतो, म्हणून माझी अब्रू वाचली. जूनच्या थंडीत दोन्ही ट्यूब मिणमिणल्या आणि विझल्या. कापड कापून पडलेलं, दोघी अंधारात हात बांधून बसलेल्या. दिराने लगेच निरोप धाडला, "शेड कधी रिकामी करतेस?"

दुसऱ्या दिवशी मी बॅटरी तपासत बसलो होतो. काकीने टाचण्या काढल्या, झगा खोचला आणि शिडी लावून स्वतःच वर चढली. नट सोडवून तिने पॅनल छपराच्या दुसऱ्या उतारावर नेलं, उत्तरेकडे तोंड करून.

"काकी, कागदात तसं नाही!"

"सोलेय पा लीर पाप्ये!" ती वरून बेटाच्या बोलीत ओरडली. सूर्य काही कागद वाचत नाही.

तो कागद फ्रान्सच्या छपरांसाठी होता. आपल्या बेटावर हिवाळ्यात सूर्य उत्तरेकडून जातो, हे मी जन्मभर पाहत आलो होतो आणि विश्वास ठेवला तो छापलेल्यावर. तीन-चार दिवसांत बॅटरी भरली. ट्यूब लख्ख लागल्या. मला आनंद झाला आणि लाजही वाटली.

दोन-तीन वर्षांनी दिराला उपरती झाली. त्याने मीटरच्या अर्जावर सही करून तो माझ्याच हाती पाठवला. मी पळतच गेलो. काकीने कागद चाचपला, त्यावर लहान मुलाच्या कॉलरचा आकार काढला आणि कात्रीने कापला.

"चांगला जाड हाय," ती म्हणाली.

"अहो काकी, त्याच्यावर सही आहे!"

"असू दे. कॉलरला सही लागत नाय."

मी तिच्यावर चिडलो. आता वाटतं, चिडायचा मला काय अधिकार होता?

पुढे एका संध्याकाळी तिला शिवता शिवता छातीत कळ आली आणि इस्पितळात न्यावं लागलं. ती परत आली नाही. दुसऱ्या दिवशी तिला स्मशानात पोचवून आम्ही परतलो, तर शेडमधली ट्यूब जळतच होती. त्या गडबडीत कोणी बंद केलीच नव्हती. दीर दारात उभा होता, म्हातारा, डोळे लाल झालेले. त्याने बटणाकडे हात नेला.

"बंद करतो. उगाच जळते."

"राहू द्या, दादा," मी म्हणालो. "ती तुमच्या मीटरवर नाही."