टकळीचा विमा

बेकरीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेल्या त्या पोरीला सगळे टकळी म्हणायचे. तोंड म्हणून मिटायचं नाही! कणीक मळताना, भट्टी तापताना हिच्या गप्पा आपल्या चालूच. पावाचं वेड मात्र खरं. दुसरं काही शिकावं असं तिच्या मनातही कधी आलं नाही. आणि नशीब बघा, मैद्यानंच तिला गाठलं. वर्षभर त्याची धूळ नाकात गेली आणि दमा जडला. हे ठाऊक फक्त तिला, डॉक्टरांना आणि ताईला. श्वासाचा पंप ओढायलासुद्धा ती संडासात जाऊन कडी लावायची.

यंदा कॉलेजनं फर्मान काढलं, आरोग्य विमा काढल्याशिवाय वर्गात पाऊल टाकायचं नाही. पॉलिसी दोन. पहिलीत आधीचा आजारही धरायचे, पण तो लिहून द्यायचा, आणि तो कागद थेट मुख्य मास्तरांकडे. छातीचं दुखणं दिसलं की भट्टीखाना बंद. नियमच होता तसा, आणि चुकीचाही नव्हता मेला! दुसरी पॉलिसी धडधाकटांची. ती घेऊन दमा लपवला, तर दम्याच्या उपचाराला फुटकी कवडी मिळणार नव्हती. इकडे आड, तिकडे विहीर.

ताई फोनवर म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प बस."

"अगं पण अ‍ॅडमिट व्हायची वेळ आली तर?"

"तेव्हाचं तेव्हा बघू. का शिक्षण सोडून घरी येतेस?"

बोलायला हिचं काय जातंय! श्वास टकळीचा अडकायचा.

ऑफिसातल्या क्लार्कबाई मोठ्या मायाळू. "काही आजार आहे का गं बाळ? दमा, साखर, काही?" शेजारीच मुख्य मास्तर चहा पीत उभे. एरवी एकाला दहा ऐकवणारी पोर, पण आज मास्तरांच्या कपाकडेच बघत राहिली. खरं सांगून एकदाचं मोकळं व्हावं असं तिला फार वाटलं, रडूच आलं.

"नाही," ती म्हणाली.

बाईंनी शिक्का मारला. मास्तरांनी कागदावर नजर टाकली आणि खूश झाले.

"शाब्बास! निम्म्या वर्गानं सर्दी-खोकला लिहून ठेवलाय, त्यांना धुळीत घालता येत नाही मला. उद्यापासून मैदा चाळायची खोली तुझ्याकडे."

त्या खोलीत खिडकी बंद, पंखा बंद, कारण वाऱ्यानं मैदा उडतो. चाळणारा बाहेर यायचा तो भुवयांपर्यंत पांढरा होऊन.

"जमेल ना?"

"हो सर," ती म्हणाली. नाही म्हणायला आता तिच्याकडे कारणच उरलं नव्हतं.