उजव्या हाताची खुर्ची

शैलाकाकूंचा फोन आला तेव्हा मी ट्राममध्ये उभा होतो आणि नेहमीप्रमाणे उलट्या दिशेला चाललो होतो. "अरे, हे गेले. झोपेतच," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "गुरुवारी अंत्यविधीनंतर कॉफी आहे. वेळेवर ये. तुझी जागा ह्यांनी ठरवून ठेवलीय." स्वतःच्या मागे होणाऱ्या कॉफीला कोण कुठे बसेल हे ठरवून माणूस जातो, यावर एरवी मी हसलो असतो. त्या दिवशी मी पुढच्याच थांब्यावर उतरलो. माझी जागा कुठे असेल याचा मला अंदाज होता... आणि तो चुकला. माझे अंदाज चुकतातच.

सुधाकर आगाशे, म्हणजे आमचे आगाशेकाका, मूळचे चिंचवडचे. शिकायला जर्मनीत आले आणि लुडविग्सहाफेनजवळच्या एका अमेरिकन सरकारी कचेरीत शिष्टाचार सांभाळायला लागले ते तीसेक वर्षं. जर्मन महापौर, अमेरिकन जनरल, इथले कारखानदार एकत्र जेवायला यायचे, तेव्हा कोणाशेजारी कोण बसणार हे काका ठरवत. जाड पांढऱ्या कार्डावर शाईच्या पेनानं नाव लिहीत, तेही दोन्ही बाजूंना. आपण कोणाशी बोलतोय हे समोरच्यालाही कळावं म्हणून. त्या कार्डाला ते जर्मन शब्दच वापरत, टिशकार्टे. घरी चौघं असली तरी प्रत्येक ताटासमोर टिशकार्टे. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवलो तेव्हा त्या कार्डाच्या कोपऱ्यानं दातातली कोथिंबीर काढली होती. काका बघत होते. म्हणाले, "राहू दे. एका जनरलनंही काढली होती."

इथून आमचं जमलं. दर रविवारी ते आमच्याकडे यायचे, मुलीला, ईराला, लाडू आणि मला टोमणे द्यायचे. पेपरात शिष्टमंडळाचा फोटो आला की बातमी वाचायच्या आधी ते खुर्च्या वाचायचे. "हा बघ, मागच्या वर्षी टेबलाशी होता, आता भिंतीला टेकवलाय. आता ह्याला सही करायला बोलावतील, विचारायला नाही." महिन्याभरात तसंच व्हायचं. अमेरिकेवर त्यांचा जीव होता, हे मात्र सांगायला हवं. मी पुणेरी खवचटपणानं काही बोललो की म्हणायचे, "दहा गोष्टी चुकतील त्यांच्या. पण एकदा दिलेली खुर्ची ते काढून घेत नाहीत. निदान टेबलावर तरी नाही."

गेल्या वसंतात काढून घेतली. वॉशिंग्टनहून आदेश आला, काकांचा विभागच बंद. दोन ओळींची मेल, खाली सहीसुद्धा नाही. डॅन हा त्यांचा साहेब. अकरा वर्षं काकांनी त्याला कोणाशी हात मिळवायचा आणि कोणाशी नुसतं हसायचं हे शिकवलेलं. तो त्या आठवड्यात शेजारच्याच खोलीत बसत होता. एकदाही दार उघडून आला नाही. नोकरी गेल्याचं काकांना फार वाटलं नाही, निवृत्ती जवळच आली होती. त्यांना हवं होतं ते एकच. "तोंडानं सांगायला हवं होतं रे त्यानं. एवढंच. मी काही भांडलो नसतो."

डॅन काकांमुळेच माझ्याही ओळखीचा झाला होता आणि दर दिवाळीला आमच्याकडे दुपारच्या जेवणाला यायचा. यंदाही येतो म्हणाला. मी काकांना सांगितलं, तुम्हाला त्याच्या शेजारीच बसवतो, निवांत बोला. काकांनी नवीन शाई आणली. बारा कार्डं लिहिली, सकाळीच येऊन टेबलावर मांडली आणि काकूंना आणायला घरी गेले.

आता माझा पराक्रम. माझ्या कंपनीत अमेरिकेच्या बदलीसाठी माझं नाव चाललं होतं आणि डॅन व्हिसासाठी शब्द टाकेल असं मी मनाशी पक्कं धरलं होतं. काका काही बोलले आणि डॅनचं बिनसलं तर? मी काकांचं कार्ड उचललं आणि बाल्कनीच्या दाराशी मुलांसाठी मांडलेल्या घडीच्या टेबलावर नेऊन ठेवलं. डॅनला घेतलं माझ्या उजव्या हाताला, प्रमुख पाहुण्याच्या जागी. बायको, मृणाल, म्हणाली, "हे बरं नाही करत आहेस." मी जर्मन झाडलं, आल्झो, म्हणजे हे बघ, एका जेवणाचा तर प्रश्न आहे.

काका आले. उभ्या उभ्या टेबल पाहिलं, जसा ते पेपरातला फोटो पाहत. मग घडीच्या टेबलाशी जाऊन बसले, गुडघे जवळजवळ हनुवटीला. जेवणभर मुलांशी जर्मनमधून गप्पा मारल्या, त्यांना कार्डं करायला शिकवली. डॅननं लांबून हात हलवला, काकांनी मान लववली. इकडे मी श्रीखंड वाढता वाढता व्हिसाचा विषय काढला. डॅन खूप हसला. म्हणाला, मी तर वाद्यवृंद आणि ग्रंथालयं बघतो, व्हिसातलं मला ओ की ठो कळत नाही.

निघताना मी दारात काहीतरी पुटपुटलो, गडबडीत कार्डं इकडची तिकडे झाली वगैरे. काका बूट घालत होते.

"टेबलावर चुकून काही होत नसतं," ते म्हणाले. "जेवण उत्तम होतं. आभारी आहे तुमचा."

तुमचा! नऊ वर्षं ज्यांनी मला 'अरे गाढवा'च्या वर चढू दिलं नाही, त्यांनी मला अहो-जाहो केलं. बढती मिळाली तिथेच माझी हकालपट्टी झाली. त्यानंतर मी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा त्यांनी माझ्या तब्येतीची, मृणालची, हवेची चौकशी केली आणि तिन्ही वेळा फार आदरानं फोन ठेवला. रविवारी ते आले नाहीत. मी त्यांच्या दारात जायला हवं होतं, तोंडानं सांगायला हवं होतं... नाही गेलो. डॅनला नावं ठेवण्यात गुंतलो होतो.

गुरुवारी मी वेळेवर पोचलो. कॉफी, लोणी-साखरेचा चुरा घातलेला केक, जाड पांढरी कार्डं. मी आपला थेट कोपऱ्यातल्या मुलांच्या टेबलाकडे निघालो. काकूंनी दंडाला धरून वळवलं. माझं कार्ड मोठ्या टेबलावर होतं, आणि माझ्या उजव्या हाताला, प्रमुख पाहुण्याच्या जागी, त्याच शाईत डॅनचं नाव. खुर्ची रिकामी. तो आला नव्हता. एक पुष्पचक्र आलं होतं. "ह्यांनी सांगून ठेवलं होतं," काकू हळूच म्हणाल्या, "की ह्या दोघांना शेजारी बसव." मी दीड तास त्या खुर्चीशेजारी बसलो.

बदलीचं पुढे काहीच झालं नाही, आणि ते मीही कोणाला विचारलं नाही. दिवाळीच्या त्या दुपारी ईरानं घडीच्या टेबलाशी रंगीत खडूनं एक कार्ड केलं होतं, आगाशेकाकांच्या नावाचं, वाकड्या देवनागरीत. मी तिला ते मागितलं तर चक्क 'नाइन', नाही, म्हणाली. काका आमचे प्रमुख पाहुणे होते, असं जर्मनमध्येच ठणकावलंन. आता रविवारी ती ते कार्ड आपल्या उजव्या हाताला ठेवते आणि जेवते. मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला असतो. तिथूनही नाव स्पष्ट वाचता येतं. काकांनी तिला दोन्ही बाजूंना लिहायला शिकवलंय.