शिट्टी न ऐकलेला सायकलस्वार

सत्तरच्या दशकातली ती दुपार मी अजून विसरलेलो नाही. कोरेगावजवळच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. त्या दिवशी मंत्र्यांचा दौरा असल्याने सातारा रस्त्यावर बंदोबस्त लावून वाहनं अडवली होती.

दौरा पार पडल्यावर आमचा हवालदार एका माणसाला ठाण्यात घेऊन आला. माणूस पन्नाशीचा, दूध घालणारा. उजवा हात सुजलेला, फेट्याच्या तुकड्याने गळ्यात बांधलेला. हवालदाराने फिर्याद सांगितली, "शिट्टी मारूनही सायकल थांबवली नाही. अडवलं तर अंगावर हात उगारला. झटापटीत पडला." सरकारी कामात अडथळा, म्हणजे सरळ कोठडी. हा हवालदार कामाला चोख आणि शब्दाला पक्का होता. त्याच्यावर शंका घ्यायचं कारण नव्हतं.

मी त्या माणसाला नाव विचारलं. तो माझ्या तोंडाकडे नुसता बघत राहिला. हवालदार म्हणाला, "मुद्दाम करतोय साहेब." मी आधी त्याला सरकारी दवाखान्यात पाठवलं. हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, पडल्यावर माणूस तळहात टेकतो, तेव्हा बहुधा मनगट जातं. याचं हाड मनगट आणि कोपराच्या मध्ये, बाहेरच्या अंगाने मोडलंय. डोक्यावरचा वार हातावर झेलला की असं होतं.

तो दवाखान्यातून परतला तोवर त्याची बायको ठाण्यात आली होती. "आवं सायेब, त्यास्नी ऐकाय येत न्हाई. तोफखान्यात व्हते, तवाच कान गेले. डाव्या कानाशी वरडून बोलावं लागतं. तुमची शिट्टी कशी ऐकतील?"

बंदोबस्ताला हवालदारासोबत एक शिपाई होता. त्याला मी एकट्याला आत बोलावलं. तो टोपी हातात फिरवत उभा राहिला. मी म्हणालो, "खोटी साक्ष कोर्टात द्यायची, तर शपथ तुलाच घ्यावी लागेल." मग तो बोलला, "साहेब, त्यानं हात उगारला नाही. काठी डोक्यावर येताना बघून वर धरला. खाली पडल्यावर हवालदारांनी आणखी दोन काठ्या हाणल्या."

हवालदाराला समोर बसवून मी दूधवाल्याच्या बायकोचं आणि शिपायाचं म्हणणं सांगितलं. तो हळूच म्हणाला, "मंत्र्यांची गाडी अगदी जवळ आली होती साहेब. तो बहिरा आहे हे मला काय ठाऊक?"

संध्याकाळी जखमीचा जबाब घ्यायला बसलो. हवालदाराचं म्हणणं बायकोने त्याच्या डाव्या कानात ओरडून सांगितलं. त्याने ते नीट ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "मी बहिरा हाय म्हनून चुकून मारलं, असं लिवू नगा सायेब. ज्याला ऐकाय येतं, त्याला तरी का मारायचं?"

त्याचे शब्द मी जसेच्या तसे जबाबात लिहिले. तोवर माझ्याही मनात तेच चाललं होतं, की बिचारा बहिरा म्हणून अन्याय झाला.

हवालदाराची फिर्याद खोटी ठरवून मी वरिष्ठांना अहवाल दिला आणि त्याच्यावर मारहाणीचा गुन्हा नोंदवला. तो निलंबित झाला, पुढे त्याला शिक्षाही झाली. ठाण्यातली माणसं बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत. शिपायाला तर कुणी चहालाही बोलावत नसे, पण तो जबाबावर टिकला. दूधवाल्याचा हात जुळला तो किंचित वाकडाच. धारा काढायचं काम बायकोकडे गेलं.

पुढे मी मिरजेला गेलो, आणखी बऱ्याच ठाण्यांत फिरलो. वाहन न थांबवणारे खूप भेटले. कुणी घाबरलेला असे, कुणाचा ब्रेक लागत नसे, काही जण खरोखरच उर्मट असत. त्यांच्यावर खटले भरले, दंड झाले. आपलं काम माणसाला थांबवण्याचं आहे, तो थांबला की काठीचं काम संपलं, हे मी प्रत्येक बंदोबस्ताआधी माझ्या माणसांना सांगत असे. मला ते कुठल्या प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं. मोडका हात गळ्यात बांधून समोर बसलेल्या एका माणसाने, आवाज न चढवता, शिकवलं होतं.