बोटांच्या टोप्या आणि कोरी वही

आष्टीत माझं वेल्डिंगचं दुकान आहे, आणि पंचक्रोशीत माझ्याइतक्या थापा मारणारा दुसरा नाही. एकदा टपरीवर सांगितलं, माझ्या कूलरने म्हशीला सर्दी झाली. टपरीवाला चहा गाळता गाळता म्हणाला, "बराबर. दुसऱ्या दिवशी तिनं कुल्फी दिल्ती. मीच विकली." घरी मी एकटाच. माझं गणगोत म्हणजे ती टपरी.

मग मी बोटांच्या टोप्या केल्या. कापूस वेचताना बोंडाची वाळकी टोकं बायकांच्या नखांच्या कडेला घुसतात. त्यावर रबर आणि पातळ पत्र्याच्या टोप्या. पुण्यात काही धनवंतांनी लोकोपयोगी शोधांसाठी संस्था काढली आहे, तिने मला निवडलं. साहित्याला पैसे दिले आणि वर एक जाड वही दिली.

"काका, यात फक्त तक्रारी लिहायच्या," तिथल्या बाई म्हणाल्या. "आमचा पैसा तुमच्या चुका सापडाव्यात म्हणून आहे. हंगाम संपेपर्यंत वही कोरी राहिली, तर काम इथेच थांबेल."

गावात परतलो तर टपरीवर खुर्ची पुसून मिळाली. मी मुद्दाम फेकलं, की पुण्यातली लिफ्ट इतकी वर गेली, ढगात पाय पुसून आत शिरलो.

"असंल, साहेब," टपरीवाला गंभीरपणे म्हणाला. "मोठ्या लोकांचं काय सांगावं."

तो चहा मला गेला नाही. थाप खरी मानली गेली, की थापाड्याला जगात कोणी उरत नाही.

शेतातही तेच. वाटलेल्या टोप्या कशा आहेत विचारलं, की बायका म्हणायच्या, "एक नंबर, साहेब." वेचणी संपत आली, वही कोरीच.

शेवटी एका दुपारी न सांगता शेजारच्या खालाच्या, म्हणजे मानलेल्या मावशीच्या, शेतात गेलो. टोप्या बांधावरच्या बाभळीला लटकत होत्या. बायका उघड्या बोटांनी वेचून राह्यल्या होत्या. मी टोप्या काढून बोटांत घातल्या आणि खालाच्या बाजूची ओळ धरली. दहा झाडांत बोटं उकडली, निम्मा कापूस बोंडातच राहिला.

"दिखा?" खाला म्हणाली. "बोटाला कापूस कळतच न्हाई, बेटा. आंधळ्यावानी चाचपावं लागतं."

"मंग बोलली का न्हाईस?"

"पुण्याचे लोग तुला पैसा देतेत. बोलून तुझी रोटी कायको तोडू?"

बांधावर बसून पहिली तक्रार लिहिली. बोटाचं टोक उघडं हवं, झाकायची ती फक्त नखाची कड. पानावर घाम पडला.

संध्याकाळी टपरीवर गेलो. खुर्ची पुसली गेली.

"टोप्या फसल्या," मी म्हणालो. "साऱ्या बाभळीला लटकल्यात."

टपरीवाल्याने फडकं थांबवलं, माझ्याकडे पाहिलं. "मंग बाभळीला नखं बी फुटली असतील. काहीबी फेकता राव."

सगळे हसले. मीही हसलो, किती महिन्यांनी कोण जाणे. वही पिशवीतच होती. काढून दाखवता आली असती.

"फुटलीत ना," मी म्हणालो. "लाल रंग लावून आलो."