निरोपाची सिम्फनी

खोबरेल तेल आणि ओल्या वेताचा मिसळलेला वास. बाबांच्या क्लॅरनेटची पेटी उघडली की तो घरभर पसरे. सांध्यांच्या बुचांना तेल लागलेले असे आणि वेताची पातळ रीड त्यांच्या ओठांत भिजत असे. मुरबाडच्या बँडमध्ये त्यांचे आयुष्य गेले.

या वर्षी डॉक्टरांनी फुंकायचे वाद्य बंद करायला सांगितले. फुप्फुसांना ते आता झेपणार नव्हते. बाबांनी तिथे मान डोलावली आणि घरी येऊन वैशाखरे गावातल्या एका लग्नात वाजवायची सुपारी घेतली. लग्नाचा दिवस उद्यावर आला, तरी त्यांना समोरासमोर अडवण्याचे धैर्य मला होईना.

मी शहापूरच्या महाविद्यालयात शिकवते. तेव्हा पाश्चात्त्य सिम्फनींच्या टोपणनावांवर व्याख्यान तयार करत होते. मंद सुरांत एकाएकी दणका येतो, म्हणून एक ‘दचकवणारी’; दोनच भाग पुरे झाले, म्हणून दुसरी ‘अपुरी’. ही नावे बहुधा रचनाकाराची नसतात, इतरांनी चिकटवलेली असतात. त्यांतली ‘निरोपाची’ मी बाबांसाठी निवडली.

दुपारी त्यांच्या खाटेवर मोबाइल ठेवून मी त्या सिम्फनीचा शेवटचा भाग लावला आणि तिची गोष्ट सांगितली. एका संस्थानिकाने वादकांना उन्हाळी महालात फार दिवस ठेवून घेतले होते. त्यांना घरची ओढ लागली. मग शेवटच्या भागात एकेक वादक समोरची मेणबत्ती विझवून निघून गेला. अखेर दोन व्हायोलिने उरली. संस्थानिकाला इशारा कळला आणि सारे घरी परतले.

बाबा डोळे मिटून ऐकत होते. सूर विरळ होत थांबले. मला वाटले, माझे म्हणणे पोहोचले.

“नवरा मांडवात शिरला नाय, नि हे उठले?” बाबा ताडकन म्हणाले. “आमच्यात मधेच उठला तर परत कोन बोलवत नाय त्याला.”

“दमले होते हो ते, बाबा.”

“आनि क्लारनेट कुठं गो यांत?”

“या रचनेत क्लॅरनेट नाहीच.”

“तरीच! आमचा मानूस असता तर उठला नसता.”

ते हसले, हसण्यातूनच खोकला उसळला. मी पाठीवर हात ठेवला. तळव्याखाली बरगड्या थडथडत होत्या.

“त्यांना घरची ओढ,” श्वास जुळल्यावर ते म्हणाले, “माला नाय.”

मी गोंधळले. माझ्या गोष्टीत दमलेला वादक म्हणजे बाबा होते. पण त्यांना तर कुणी डांबलेच नव्हते. मग त्यांना घरी ठेवून घेऊ पाहणारे कोण होते? मीच? की मला त्यांचा श्वास हवा होता आणि त्यांना सूर, आणि ही दोन्ही एकाच छातीत राहत होती? मला कशाचाच नीट अर्थ लावता येईना. उरला तो साधा प्रश्न, जो आधीच विचारायला हवा होता.

“डॉक्टरांनी सांगितलंय, बाबा. तरी उद्या वैशाखऱ्याला जाणार?”

माझा हात पाठीवरून हळूच बाजूला करत ते म्हणाले, “जानार.”